कापणीच्या रविवारचा भोपळा

पहाटे साडेपाचला बंगल्याचं दार वाजलं. बाहेर झाडलोट करणारे काका, डोक्यावर गोणपाटाची खोळ. "सलाम बाई. देवळात गळतंय. बाजरीवरच गळतंय."

आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. नोव्हेंबरातला कापणीच्या सणाचा रविवार, आणि रात्रभर अवकाळी पाऊस. आदल्या संध्याकाळी महिला संघानं वेदीपुढे बाजरीची रास, कांदे, मक्याची कणसं, ऊस, शेवग्याच्या शेंगा असं सगळं हौसेनं मांडलं होतं. एवढ्या मोठ्या छपरात मंगलोरी कौल फुटावं ते नेमकं राशीच्या डोक्यावर. काकांनी बादली लावली, मी पदर खोचला आणि ओली बाजरी माझ्या बैठकीत चादरीवर पसरली. उपदेशाची टिपणं टेबलावरच राहिली.

नगर जिल्ह्यातल्या या मंडळीत, म्हणजे या चर्चच्या समाजात, मी पाळक म्हणून आले त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. लोकांना पहिली अडचण पडली ती मला हाक काय मारायची याची. पाळकीणबाई म्हणजे पाळकाची बायको. मग पाळकच बाई असली तर? शेवटी नुसतं "बाई" ठरलं. माझ्या नवऱ्याला काय म्हणायचं हे मात्र अजून ठरलेलं नाही.

ही मंडळी मुळातली अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं, त्यात आम्हीही आलो. पण पहिल्या बाकावर बसणारे एक बाबा ते मनातून मानत नव्हते. प्रभुभोजनाला गुडघे टेकताना दोन्ही हातांनी कठडा धरावा लागायचा, तरी टेकायचेच. मी म्हटलं, उभ्यानं घेतलं तरी चालेल. तर म्हणाले, "तुमच्या सीएनआयात चालत असंल." गेले चार महिने ते पुण्याला मुलाकडे होते. त्यांची जागा कुणी घेतली नव्हती.

बाहेरच्यांना वाटतं, पाळकाचं काम रविवारपुरतं. खरं तर वर्ष सणांवर चालतं आणि पैशावर अडतं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जणांनी बोलायचं. त्यातला एक जण हमखास आयत्या वेळी आजारी पडतो. ईस्टरला अंधारातच दफनभूमीत उपासना. डिसेंबरात घरोघर कॅरल, प्रत्येक घरी चहा, नाही म्हटलं की राग. नाताळला पुण्या-संभाजीनगरहून सगळे येतात, देऊळ पुरत नाही. जानेवारीचा पहिला रविवार संपतो न संपतो तोच परत बाकं रिकामी. आणि या सगळ्याच्या मागे खजिनदारांची वही. माझा पगार बिशपच्या धर्मप्रांताकडून येतो, पण धर्मप्रांताकडे पैसा जातो तो आमच्यासारख्या मंडळ्यांनी भरलेल्या असेसमेंटमधून, म्हणजे ठरवून दिलेल्या वर्गणीतून. त्या वर्षी असेसमेंट थकली होती आणि कौलांना पैसे नव्हते. भरवसा फक्त सणाला आलेल्या वस्तूंच्या लिलावाचा.

या लिलावावरून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीत दरवर्षी खडाजंगी. तरुणांचं म्हणणं, अर्पण केलेल्या वस्तूंचा बाजार कसला मांडता? मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. आता नाही वाटत.

उपासना संपली, आणि निवृत्त गुरुजी टेबलामागे उभे राहिले. अंडी गेली, कोंबडा गेला, एका लिंबाचे दोनशे आले. मग आत्याचा लाल भोपळा. आत्या म्हणजे गावाचीच आत्या, पण दोन भावांची सख्खी. हे दोघं भाऊ बांधावरून वर्षानुवर्षं बोलत नाहीत. एक उजवीकडे बसतो, एक डावीकडे. शांतीचं अभिवादन करायची वेळ आली की दोघांचे हात बाकी सगळ्यांना मिळतात, एकमेकांना तेवढे मिळत नाहीत.

धाकट्यानं दोनशे पुकारले. थोरल्यानं मान न वळवता पाचशे. गुरुजी असल्या संधीची वाटच बघत असतात. "आत्याच्या हातचं पाणी पिलेला भोपळा! सातशे... हजार..." एकवीसशेवर थोरल्याचा भोपळा झाला. एक वार, दोन वार, तीन वार. त्यानं पैसे मोजले आणि भोपळा परत टेबलावर ठेवला, "देवाला." तशी आमची रीतच आहे, घेतलेली वस्तू पुन्हा लिलावाला देता येते. मग धाकट्यानं पंधराशेला घेतला आणि त्यानंही परत ठेवला. आत्या मागून ओरडली, "भांडा रं! देवाच्या पदरात तरी पडतंय!" सगळं देऊळ हसलं; ते दोघं सोडून. भोपळा पाच वेळा विकला गेला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पुण्याहून बाबांचा मुलगा. बाबा सकाळीच गेले होते. "त्यांना गावीच ठेवायचंय. अँब्युलन्स निघालीय. संध्याकाळपर्यंत पोचतो."

गुरुजींच्या हातात तेव्हा कणसांची जुडी होती. ती त्यांनी खाली ठेवली.

पहिला प्रश्न जागेचा. आमच्या दफनभूमीत नवीन कबरीला जागा उरलेली नाही. घरातल्या जुन्याच कबरी उघडाव्या लागतात. व्हेस्ट्रीतलं, म्हणजे देवळाला लागून असलेल्या खोलीतलं, दफनाचं रजिस्टर काढलं. कसर लागलेली पानं, बोरूनं लिहिल्यासारखं वळणदार अक्षर. बाबांच्या वडिलांची नोंद सापडली, चिंचेकडून तिसरी ओळ.

हे रजिस्टर हातात आलं की मला दरवेळी बाप्तिस्म्याचं रजिस्टर आठवतं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. शीख आणि बौद्ध पुढे त्यात घेतले गेले, आम्ही नाही. म्हणून आईबाप हळूच विचारतात, "बाई, बाप्तिस्मा द्या, पण नाव नाही लिहिलं तर?" त्यांच्या पोराच्या फीचं गणित मला माहीत आहे, त्यामुळे मी त्यांना बोल लावत नाही; आणि नोंद न करणंही मला जमत नाही. त्या दोन्हींच्या मधे मी किती वेळा नुसती चहा पीत बसले आहे. दफनाच्या रजिस्टरात मात्र नाव नको म्हणणारा अजून कुणी भेटला नाही.

दुपारी तीनला मी दफनभूमीत गेले. काळी माती, वर रात्रीचा पाऊस. कडा ढासळत होत्या. सणाचे कपडे काढून पोरं बनियनवर कामाला लागली होती. खड्ड्यात धाकटा भाऊ, हातात पहार. वर काठावर थोरला, घमेलं ओढून घ्यायला. मी तासभर तिथं होते. "घे." "धर." "सरक, कड येतीय." एवढंच बोलले. काम झाल्यावर थोरला नळावर गेला आणि धाकटा दुसऱ्या नळावर. मीही काही बोलायला गेले नाही.

अंधार पडता पडता अँब्युलन्स आली. मोबाइलच्या उजेडात उपासना वाचली. मातीस माती, राखेस राख, धुळीस धूळ. माती ओली असल्यामुळे मूठ सुटेचना. चिखलाचे गोळेच पडले, धप्प आवाज करत.

पुण्याहून आलेली वीस-पंचवीस माणसं सकाळपासून उपाशी. बाबांचं घर चार महिने बंद, चूल कुठली पेटणार? बायकांनी परस्परच ठरवलं आणि बंगल्याचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. माझ्या बैठकीत पसरलेली बाजरी कुणीतरी गोळा करून कोपऱ्यात सारली. भाकरी घरोघरून आल्या. कालवणाला काय, म्हणून शोधाशोध झाली आणि आत्या व्हेस्ट्रीतून भोपळा घेऊन आली. विळीवर बसून तिनंच चिरला.

मी ताट घेऊन बसते तोच खजिनदार वही उघडून शेजारी आले. भोपळ्याचे एकूण पाच हजार आठशे. "बाई, ऑडिटवाला विचारील, भोपळा शेवटी गेला कुणाकडं? कुणाच्या नावावर टाकू?"

"पाचही जणांच्या टाका," मी म्हटलं, "आणि आधी मला वाढा."