कूलर पावसाळ्यात गार का करत नाही?

यवतमाळकडच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीत एक मुलगी आहे. बाष्पीभवनाचा धडा तिनं केव्हाच वाचून संपवला होता. आज मधेच उठून म्हणाली, "सर, मे महिन्यात कूलर लावला तं थंडी वाजते. आता काऊन नुसतं चिपचिप होते?"

अशा पोरांना आपण जास्तीची गणितं देऊन गप्प बसवतो. ती शिक्षा आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यांना अवघड प्रश्न हवा असतो.

दोन थर्मामीटर काढले. एकाच्या फुग्याला ओल्या कापसाची वात गुंडाळली आणि दोन्ही पंख्यासमोर धरले. कोरडा 29 वर, ओला 27 वर. फरक फक्त 2 अंशांचा! हवेत आधीच एवढी वाफ की वातीतलं पाणी उडेना. मे महिन्यात पारा 44 वर असला तरी हवा कोरडी, म्हणून पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. घामाचंही तेच, हे तिनंच सांगितलं.

आणि मग, "सर, सॅनिटायझर लावून पाहू? हवेत त्याची वाफ थोडीच आहे!"

हा विचार दहा वर्षांच्या पोरीचा! दुसरी वात सॅनिटायझरमध्ये भिजवली, तर पारा पाण्यापेक्षा कितीतरी खाली गेला. अख्खा वर्ग टेबलाभोवती गोळा.

आता तिला उन्हाळ्यापर्यंत दर आठवड्याला नोंदी ठेवायच्यात. शाळेत थर्मामीटर दोनच आहेत. कुणाकडे प्रयोगशाळेतले जास्तीचे असतील तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.