मासे मरत नाहीत, मग नदी बरी आहे ना?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर, एकदा तर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून पडलेली असताना. मी नदीतल्या माशांवर काम करते हे कळलं, की प्रश्न येतोच: "हल्ली मेलेले मासे तरंगताना दिसत नाहीत. म्हणजे नदी सुधारली ना?" (दुसरा प्रश्न, खायचे का? शहराच्या खालच्या अंगाचे मी खात नाही.)

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मेलेले मासे हे आमच्या कामातलं सगळ्यात सोपं प्रकरण. पहिल्या पावसाचा लोंढा नाल्यांमधली घाण नदीत लोटतो, ती कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकते. माशांसाठी तो लिटरला निदान 4 मिलिग्रॅम असावा, असा सरकारी निकष आहे. ऑक्सिजन फारच खाली गेला की मासे वर येऊन तोंडं उघडमीट करतात आणि सकाळी काठाला ढीग लागतो. फोटो छापून येतात, चौकशी बसते.

मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. जाळं ओढल्यावर मोठे मासे मी मोजते, पण डोळे शोधत असतात बोटाएवढी पिल्लं. एका पट्ट्यात सलग तीन वर्षं मोठे मासे मिळत राहिले, पिल्लू एकही नाही. फक्त म्हातारी माणसं उरलेली कोकणातली वाडी असते ना, तसं. चुली पेटतात, पण शाळेला कुलूप.

मासे न मरताही वंश कसा थांबतो, ते एका प्रयोगात दिसलं. कॅनडात ओंटारिओमध्ये 2001 पासून तीन उन्हाळे एका अख्ख्या तळ्यात गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, मुद्दाम सोडलं होतं. लिटरला जेमतेम 5-6 नॅनोग्रॅम. काठाला ढीगबीग काही लागला नाही. नरांच्या अंगात मात्र अंड्याच्या बलकाचं प्रथिन बनू लागलं, काहींच्या वृषणात अंडपेशी सापडल्या आणि पाहता पाहता तिथले फॅटहेड मिनो नावाचे छोटे मासे जवळजवळ संपले. ते बिचारे अल्पायुषी, म्हणून लवकर कळलं. आपल्या नद्यांतला महाशीर मासा वर्षानुवर्षं जगतो, त्याच्या बाबतीत कळेपर्यंत फार उशीर झालेला असेल.

आणि दुर्मीळ मासा कापून बघायची सोय नाही. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावं दिली, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावंच लॅटिनला जोडली: खुद्री, नुक्ता, सांडखोल. खुद्री म्हणजे आपला महाशीर, त्याचं मूळ ठिकाण पुण्याच्या पूर्वेची मुळा-मुठा. नुक्ता आणि सांडखोल आज धोक्यातल्या जातींच्या यादीत आहेत. असा एखादा जाळ्यात आलाच, तर बादलीत लवंगेच्या तेलाचे थेंब टाकायचे. दोन-तीन मिनिटांत तो कलंडतो, कल्ले मात्र हलत राहतात. हात आधी ओले करायचे, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. शेपटीजवळून थेंबभर रक्त, पंखासारख्या पराचा नखाएवढा तुकडा, की लगेच ताज्या पाण्यात. तळहातावर धरून बसायचं, तो स्वतः शेपटीचा फटका मारून निसटेपर्यंत.

कापायचे ते त्याच पाण्यातले मुबलक मासे, आणि त्यावरून दुर्मिळाचा अंदाज बांधायचा. आता मुबलक कोण? चिलापी, म्हणजे तिलापिया! गटारातही मजेत पोरं वाढवणारा मासा. त्याच्या तब्येतीवरून महाशीरची तब्येत ठरवणं मला कधीच पटलेलं नाही. तरी अहवालात तेच आकडे जातात, कारण आकडे तेवढेच मिळतात.

दाताच्या डॉक्टरांकडेही लवंगेचाच वास होता. त्यांनी नदीचं विचारलं तेव्हा माझ्या तोंडात कापसाचे दोन बोळे. मी जीव खाऊन "नाही" म्हणाले. त्यांना "हो" ऐकू आलं. "वा, छान!" म्हणाले आणि ड्रिल सुरू केलं.