रुमाल हिसकावून घेऊ नका

कल्याण स्टेशनाबाहेरच्या मुलांसाठी आम्ही काही जणी संध्याकाळचा वर्ग घेतो. हे कळलं की लोक हमखास विचारतात, "ती पोरं तोंडाला रुमाल लावून बसलेली असतात, ती दिसली तर काय करायचं? काढून घ्यायचा का रुमाल?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

रुमालात बहुतेक वेळा पंक्चरचं सोल्युशन असतं, नाहीतर रंगाचा थिनर. नशेसाठी मुलं त्याची वाफ हुंगतात. त्यातलं टोल्युइन नावाचं रसायन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. भूक मरते, थंडी वाजत नाही, काल कुणी मारलं तेही आठवत नाही. आणि पोटभर जेवणापेक्षा सोल्युशनची ट्यूब स्वस्त पडते. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाच्या बोटांवर सोल्युशनचा सुकलेला पिवळट पापुद्रा असतो. पाटीवर अक्षरं गिरवता गिरवता तो नखाने सोलत बसतो. ओठांच्या कडेला फोड आहेत. वय असेल दहा-अकरा.

ड्रग्ज म्हटलं की आपल्याला एमडी (मेफेड्रोन) आणि पोलिसांच्या धाडी आठवतात. हे मात्र सायकलच्या दुकानात उघड मिळतं. एम्सच्या डॉक्टरांनी केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त प्रमाण असलेली नशा त्यात एकच निघाली, ती ही. ४ लाख ६० हजार मुलांना त्यासाठी मदतीची गरज आहे, असा त्यांचा अंदाज होता.

आता रुमालाचं. कृपा करून हिसकावू नका, ओरडू नका, मागे धावू नका. या वाफांनी हृदय अ‍ॅड्रेनॅलिनला फार हळवं होतं. अशा वेळी पोर दचकलं, जिवाच्या आकांताने पळालं, तर ठोक्यांची लय बिघडून ते जागच्या जागी जाऊ शकतं. अगदी पहिल्यांदा ओढणारं पोरसुद्धा. १९७० मध्ये मिलर्ड बास या अमेरिकन डॉक्टरने अशा ११० मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली होती. तरीही आपल्याकडे दंडुका आपटून या पोरांना पळवून लावणं म्हणजे बंदोबस्त समजतात! मला याचा फार संताप येतो.

थोडं अंतर ठेवून बसा, हळू आवाजात बोला, मोकळ्या हवेत यायला सांगा. जवळपास कुणाला काडी ओढू देऊ नका, वाफ पेट घेते. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा आणि १०८ लावा. एरवी १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास आणि फुकट. पैसे हातात देऊ नका, समोर बसवून खाऊ घाला. पोटात अन्न गेलं की निदान तेवढा वेळ ट्यूबची ओढ कमी होते, हे आम्ही रोज बघतो.

आणि तुमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याशी बोला. आमच्याकडच्या एका चाचांनी मुलांना सोल्युशनची ट्यूब विकणं बंदच केलंय. "सायकल घेऊन ये, मी लावून देतो," एवढंच सांगतात.