शेतकरी संघटनेत अर्थशास्त्रवाला करतो काय?

कृषी अर्थशास्त्रात एमएस्सी करून तू संघटनेत काय करतोस, हे मला नातेवाइकांपेक्षा कृषी कॉलेजची पोरंच जास्त विचारतात. त्यांना वाटतं मी भाषणं लिहून देतो. मोर्चाला जातोच मी, पण खरं काम वहीचं आहे, उत्पादन खर्च काढायचं.

कांदावाल्या शेतकऱ्याला खर्च विचारला की तो बियाणं, खत, औषधं, ट्रॅक्टर, लागवडीची मजुरी असं भराभर सांगतो, मग मी विचारतो घरातले किती जण राबले, तर म्हणतो, "ते काय, घरचंच की!" वहिनी रोपं उपटण्यापासून पात कापण्यापर्यंत शेतातच असतात पण त्यांची रोजंदारी हिशोबात शून्य. त्यात चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, सडलेला आणि वजनात घटलेला कांदा कोणी धरतच नाही. म्हणून आता मी हिशोबाला बसताना वहिनींनाही बसवतो, दिवस त्यांच्याच बरोबर लक्षात असतात.

हमीभावाचं भांडणही याच रकान्यांवर आहे. केंद्राचा कृषी मूल्य आयोग ए-टू म्हणजे खिशातून गेलेला खर्च काढतो, त्यात घरच्यांची मजुरी मिळवली की ए-टू अधिक एफएल, आणि स्वतःच्या जमिनीचा खंड म्हणजे भाडं, भांडवलाचं व्याज धरलं की सी-टू. स्वामिनाथन आयोगाने खर्चावर किमान ५० टक्के म्हटलं, शेतकरी संघटना ते सी-टूवर मागतात, आणि २०१८ च्या बजेटपासून सरकार दीडपट देतंय ती ए-टू अधिक एफएलची. म्हणजे बापजाद्यांची जमीन फुकट धरायची! हे मला कधीच पटलेलं नाही. आणि कांद्याला तर हमीभावच नाही.

कांद्याचं दुखणं वेगळं, तिथे तारखा मांडाव्या लागतात. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा उन्हाळ कांद्याच्या लागवडी चालू होत्या, ३१ मार्चपर्यंत म्हणून घातलेली बंदी पुढे वाढवली, माल बाजारात यायला लागला तरी बंदीच, उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. खर्च करून बसलेल्या माणसाने मधे काय करायचं? निवेदनात नुसतं "अन्याय झाला" लिहून भागत नाही, या तारखांसमोर शेतकऱ्यांच्या बाजारपट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, लावल्या की समोरच्या अधिकाऱ्यालाही बोलावं लागतं.

ही वाट शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशींनी घालून दिली. स्वित्झर्लंडमधल्या बर्नची नोकरी सोडून ते सत्तरच्या दशकात परत आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, स्वतःच्या शेतीचा हिशोब मांडला आणि "भीक नको, हवे घामाचे दाम" म्हणत कांद्यापासूनच आंदोलन उभं केलं. उणे सबसिडी, म्हणजे मदत देण्याऐवजी भाव पाडून शेतकऱ्याकडूनच काढून घेणं, हा शब्द गावागावात त्यांनीच पोचवला, आणि पुढे गॅट या जागतिक व्यापार करारासाठी भारत सरकारने १९८६ ते ८८ चे जे आकडे दिले त्यातही शेतीची मदत उणेच निघाली. १९८६ ला नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला संघटनेचं बायकांचं एवढं मोठं अधिवेशन झालं, तरी त्यांची मजुरी अजून घरच्या वहीत येत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

पगार म्हणाल तर बँकेत लागलेल्या मित्रांपेक्षा कमीच. यंदा आम्ही चाळीतली घट महिन्याच्या महिन्याला वजन करून लिहायला घेतलीय, शिकणाऱ्या पोरांनी सुट्टीत आपापल्या गावच्या चार-पाच चाळींची वही धरली तर पुढच्या निवेदनात अंदाजाऐवजी वजनं टाकता येतील.