हाफची जागा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा शाळेचा निरोप आला आणि मला पहिल्यांदा आठवला तो २००५च्या दिवाळीच्या सुट्टीतला एक रविवार. तारीख ६ नोव्हेंबर. शाळेच्या फुटबॉल टीममधले आम्ही सात-आठ जण एका मित्राच्या माडीवर जमलो होतो. मधे उरलासुरला चिवडा, समोर टीव्ही. रात्री साडेनऊला मँचेस्टर युनायटेड आणि चेल्सीची मॅच सुरू झाली. इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या सलग ४० सामन्यांत चेल्सीला कुणी हरवलेलं नव्हतं. ३१व्या मिनिटाला रोनाल्डोचा क्रॉस आला आणि युनायटेडच्या एका काटकुळ्या पोरानं हेडर मारला. बॉल गोलकीपर चेकच्या डोक्यावरून अलगद जाळीत गेला. तेवढा एकच गोल झाला आणि चेल्सी हरली. त्या पोराचं नाव डॅरेन फ्लेचर.

माडीवर रूनीचे आणि रोनाल्डोचे भक्त होते. फ्लेचरचं कुणीच नव्हतं. मी त्या रात्रीपासून त्याचा झालो.

त्याला कारण आमचे पीटीचे सर. कोल्हापुरात पोरगं चालायला लागलं की त्याच्या पायात बॉल येतो आणि प्रत्येकाला फॉरवर्डच व्हायचं असतं. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच बघून आलेला पोरगा दुसऱ्या दिवशी मैदानात गोलच मारायला बघतो. मीही तसाच होतो. आठवीत सरांनी मला मागं ओढलं आणि म्हणाले, "तू हाफला थांब. बॉल सुटला की तिथं तू दिसायला पाहिजेस." मला रडू आलं होतं. हाफ म्हणजे मधल्या फळीतली जागा, तिथं गोल वाचवल्याचं नाव नाही आणि मारल्याचंही नाही. फ्लेचर हेच काम करतो आणि तेही युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर करतो, हे दिसल्यावर माझं रडणं थांबलं.

नंतर त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. त्याचा जन्म १ फेब्रुवारी १९८४चा. स्कॉटलंडमध्ये एडिंबरापासून जवळच डल्कीथच्या बाजूला, कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात तो वाढला आणि शाळकरी वयातच युनायटेडकडे गेला. मे २०००मध्ये, सोळा वर्षांचा असताना, सीझनच्या शेवटच्या मॅचसाठी मॅनेजर फर्ग्युसनना तो संघात हवा होता. पण त्याची नोंदणी अजून शाळकरी खेळाडू म्हणून होती, नियम आडवा आला. पुढं दुखापती झाल्या. पहिली मॅच मिळाली ती थेट मार्च २००३मध्ये, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये बासेलविरुद्ध. तीन वर्षं म्हणजे आमच्या हिशेबानं आठवी ते दहावी. एवढा काळ दारात उभं राहायचं.

स्कॉटलंडनं मात्र त्याला लवकर ओळखलं. मे २००४मध्ये एस्टोनियाविरुद्ध वयाच्या विसाव्या वर्षी तो देशाचा कर्णधार होता. १८८६नंतर इतका तरुण कर्णधार स्कॉटलंडला मिळाला नव्हता. क्लबमध्ये मात्र लोक कुरकुरत होते. चेल्सीच्या त्या मॅचच्या आठच दिवस आधी मिडल्सबरोनं युनायटेडला ४-१ असं धुतलं होतं. त्यावर खुद्द कर्णधार रॉय कीन क्लबच्याच वाहिनीसाठी जे बोलला ते प्रक्षेपित झालं नाही, पण बाहेर फुटलं. स्कॉटलंडमध्ये या फ्लेचरचं एवढं कौतुक का करतात, असाच त्याचा सूर होता. एकवीस वर्षांच्या पोराबद्दल कर्णधार असं म्हणतो आणि आठवडाभरात तो पोरगा चेल्सीला हरवणारा गोल मारतो! मी हे अजूनही आमच्या पोरांना सांगतो, आणि सांगताना दरवेळी आवाज चढतो.

२००८-०९ आणि २००९-१० हे त्याचे सगळ्यात चांगले दिवस. सप्टेंबर २००९मध्ये मँचेस्टर सिटीला ४-३ असं हरवलं, त्यात दोन हेडर त्याचे. त्या सीझनला इंग्लंडमधल्या खेळाडूंनी निवडलेल्या वर्षाच्या सर्वोत्तम संघात तो होता. पण मला जास्त आठवते ती ५ मे २००९ची रात्र. चॅम्पियन्स लीगमध्ये आर्सेनलविरुद्ध सेमीफायनल, युनायटेड निवांत पुढं. आर्सेनलचा फाब्रेगास गोलकडं निघाला आणि फ्लेचरनं टॅकल केलं. पाय बॉलला लागला होता, रिप्लेत स्वच्छ दिसत होतं. तरी रेड कार्ड आणि पेनल्टी. क्लबनं दाद मागितली, पण रेफरीचा असा निर्णय फिरवता येत नाही म्हणून शिक्षा कायम राहिली आणि तो फायनलला मुकला. रोमच्या फायनलमध्ये बार्सिलोनानं मधल्या फळीवर कब्जा केला आणि युनायटेड ०-२ असं हरलं. फ्लेचर असता तर निकाल बदलला असता असं मी छातीठोक सांगणार नाही. पण बार्सिलोनाच्या झावी आणि इनिएस्ताच्या पायाशी कुणीतरी सतत असायला हवं होतं, आणि ते काम त्याचं होतं.

मग आजार. डिसेंबर २०११मध्ये क्लबनं जाहीर केलं की अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळं फ्लेचर बेमुदत विश्रांती घेतोय. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मोठ्या आतड्यावर उलटते, आतून जखमा होतात, रक्त पडतं, दिवसातून कितीतरी वेळा संडासला पळावं लागतं. अंगातली ताकद निघून जाते. पुढं त्यानं स्वतः सांगितलं की बराच काळ त्यानं हे संघातल्या मित्रांपासून लपवलं होतं, काहीतरी बहाणे करून.

हे मी वाचलं तेव्हा बावीस वर्षांचा होतो, शिरोलीतल्या एका फाउंड्रीत लागलो होतो, आणि तोच आजार मला होता. माझेही बहाणे तयार असायचे. फोन आलाय, स्टोअरला जाऊन येतो, पोट जरा बिघडलंय. आईलाही खरं सांगितलेलं नव्हतं. कोट्यवधी लोकांचा लाडका क्लब असो नाहीतर फाउंड्रीची शिफ्ट, संडासचं नाव काढायला माणूस सारखाच लाजतो. तो बातमीचा कागद मी आईपुढं ठेवला आणि म्हणालो, "मला हेच झालंय." औषधं वेळेवर सुरू झाली. माझ्यावर ऑपरेशनची वेळ आली नाही.

त्याच्यावर आली. सप्टेंबर २०१२मध्ये तो परत मैदानात उतरला, पण जमेना. जानेवारी २०१३मध्ये शस्त्रक्रिया झाली, मोठं आतडं काढावं लागलं. त्या डिसेंबरमध्ये तो पुन्हा खेळला. युनायटेडसाठी एकूण ३४२ सामने खेळून फेब्रुवारी २०१५मध्ये वेस्ट ब्रॉम या क्लबला गेला आणि तिथं लगेच कर्णधार झाला. त्यानंतरच्या दोन्ही पूर्ण सीझनमध्ये तो लीगच्या ३८ पैकी ३८ सामन्यांत खेळला. मोठ्या आतड्याशिवाय! युनायटेडकडं मिळवलेली पाच लीग विजेतेपदं एका बाजूला, माझ्या लेखी हे ३८ आणि ३८ दुसऱ्या बाजूला. देशासाठी तो ८० सामने खेळला. त्याच्या काळात स्कॉटलंड एकाही मोठ्या स्पर्धेला पात्र ठरलं नाही, ही खंत मात्र राहिली.

शेवटी स्टोक या क्लबमध्ये खेळणं संपलं. ऑक्टोबर २०२०मध्ये तो युनायटेडला परतला तो सोळा वर्षांखालच्या मुलांचा प्रशिक्षक म्हणून. तीनच महिन्यांत त्याला वरिष्ठ संघाकडं बोलावलं आणि मार्च २०२१मध्ये क्लबचा पहिला टेक्निकल डायरेक्टर केलं. २०२५मध्ये तो अठरा वर्षांखालच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. पदाच्या पाटीवरून कुणाला हे खाली येणं वाटेल. मला तो आपल्या जागेवर परत आला असं वाटलं. ३० ऑक्टोबर १९३७पासून या क्लबच्या प्रत्येक सामन्याच्या संघात त्यांच्याच तालमीत घडलेला एक तरी खेळाडू असतो. त्या साखळीतली पुढची कडी ज्या वयात घडते, त्या वयाची पोरं आता त्याच्या हाताखाली आहेत. सोळाव्या वर्षी दारात थांबणं काय असतं, हे त्यांना त्याच्याइतकं कोण सांगणार?

मी गेली काही वर्षं रविवारी सकाळी आपल्याच शाळेच्या मैदानावर तेरा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. सर आता थकलेत, तरी कधीमधी येऊन कठड्यावर बसतात. सगळ्या पोरांना अजूनही फॉरवर्डच व्हायचं असतं. एखाद्याला हाफला लावलं की त्याचा चेहरा पडतो, मग मी त्याला चेल्सीची मॅच मोबाइलवर दाखवतो.

सरावात माझा एक नियम आहे. खेळ सुरू असताना कुणीही हात वर करावा आणि जाऊन यावं. कशाला, किती वेळा, एवढा वेळ का लागला, हे कुणी विचारायचं नाही, मीही नाही. रविवारी शाळा बंद असते, म्हणून मुख्याध्यापकांकडून मैदानाकडच्या स्वच्छतागृहाची एक किल्ली मागून घेतली. ती शिट्टीच्याच दोरीत ओवली आहे.