अडकलेला खिळा

क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे माळरानावरच्या चिखलातल्या शर्यतीच्या, डाव्या बुटाचा तळव्यात फिरवून बसवायचा एक खिळा निघत नाहीये. बाकीचे पाच निघाले, हा नाही. चावी लावली की घसरते, कारण कडा झिजून गोल झाल्यात. एवढ्याशा गोष्टीने आज कशातच लक्ष लागत नाही.

शर्यत झाली की त्याच संध्याकाळी खिळे काढायचे असतात. आट्यांमध्ये चिखल वाळला की विटेसारखा घट्ट होतो, वर गंज चढला की खिळा बुटाचाच होऊन जातो. आटे जुन्या टूथब्रशने घासायचे, परत बसवताना ग्रीसचा टिपका लावायचा, हाताने घट्ट होईतो फिरवायचा आणि चावीने फक्त पाव फेरा. बुटात वर्तमानपत्र कोंबायचं. हीटरजवळ ठेवायचं नाही, तळव्याचा गोंद सुटतो. हे सगळं पाठ असून बूट पिशवीतच राहिले. का राहिले... जाऊ दे.

पण खिळ्याचं एवढं वाईट वाटत नाहीये. त्याच्याभोवतीची माती पार्लमेंट हिल या टेकडीची आहे.

ही टेकडी लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या माळरानावर आहे. तिथे उंच भागात वाळू आहे आणि तिच्याखाली चिकणमाती. पाऊस वाळूतून झिरपतो, चिकणमातीवर अडतो आणि उतारावर झऱ्यांनी बाहेर येतो. म्हणून चार दिवस ऊन पडलं तरी तिथले खोलगट भाग सुकत नाहीत. ९ मिलिमीटरचे खिळे तिथे नुसते घसरतात, १५ चेच लागतात. नाडीला दुहेरी गाठ, वरून चिकटपट्टी. नाहीतर चिखल पायातून बूट ओढून घेतो.

टेकडी जेमतेम ९८ मीटर. पण पायथ्याशी ट्रॅकजवळ धावणाऱ्यांची ती लांबच लांब रांग, बंदूक झाली की सगळे एकदम चढावर! इंग्लंडच्या राष्ट्रीय क्रॉस कंट्रीत पुरुषांच्या एकाच शर्यतीत दोन-दोन हजार माणसं. वर जाता जाता वाट आवळत जाते. सुरुवातीला हात राखून धावणारा पुढच्या वळणावर गर्दीत अडकून चालायला लागतो. जीव तोडून धावणाऱ्याचे पाय माथ्यावरच संपतात, आणि १२ किलोमीटरांतले ११ अजून बाकी असतात. (बायकांना ८. त्याबद्दल आज लिहीत नाही.) माथ्यावरून सेंट पॉल्स चर्चचा घुमट दिसतो. त्या वेळी तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

हीच शर्यत पहिल्यांदा १८७६ साली एपिंगच्या जंगलात झाली. ३२ धावपटू होते, वाट चुकले आणि शर्यत रद्द ठरली. पुढच्या वर्षीपासून पर्सी स्टेनिंग सलग चार वेळा जिंकला. पण मला ते वाट चुकलेलेच सारखे आठवतात. त्यांच्याही बुटांना कुठली तरी माती लागली असणार, आणि घरी जाऊन ती त्यांनी खरवडून टाकली असणार.

मग मी का अडून बसले आहे? खिळा काढायचा तर माती आधी टोकरावी लागेल, आणि ती टोकरली की त्या टेकडीचं माझ्याकडे काही उरत नाही. दुपारभर हेच. बिचारे बूट, बिचारी मी.

टेकडी काही त्या भोकात नाही, हे संध्याकाळी चहा करताना जरा पटलं. शर्यत इंग्लंडच्या उत्तर, मध्य, दक्षिण भागांत फिरत राहते आणि पार्लमेंट हिलचीही पाळी परत येते. तेव्हा या बुटांना सहाही खिळे लागतील.

सुईने कडेकडेची माती काढली. आत तेलाचे दोन थेंब सोडले. उरलेली माती तेलाने गडद झाली, अगदी ओली असताना दिसायची तशी. रात्रभर मुरू दे. उद्या कापड गुंडाळून पकडीने धरते. आधी किंचित घट्ट करायचा, मग उलटा फिरवायचा.