त्या घरी मी अजून का जाते

प्रश्न ठरलेला असतो. लग्नकार्यात भेटलेली मावशी असो नाहीतर एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाई, माझी गोष्ट थोडी कळली की विचारतेच, "नवऱ्यानं तुम्हाला एवढं फसवलं, तरी दरवर्षी मंगोलियाला कशाला जाता?" काहीजणी पुढे आणखी विचारतात, "तिकडचे पुरुष तसलेच असतात का हो?" आजवर मी "ओळखी आहेत तिकडं" एवढं म्हणून विषय बदलत आले. पण विचारणाऱ्या बहुतेकींच्या मनात त्यांचं स्वतःचं काहीतरी सलत असतं, हे आता मला कळतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

मी माणदेशातली, दहिवडीजवळच्या एका गावची. २००७ साली मंगोलियाची राजधानी उलानबातरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला गेले. तो त्याच शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. दोन वर्षांनी आम्ही लग्न केलं. त्याचं घर दुंदगोवी प्रांतात, गोबीच्या माळावर. घर म्हणजे गेर, लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू.

त्या घरी पहिल्यांदा गेले तो दिवस जसाच्या तसा आठवतो. गेरचं दार दक्षिणेला आणि इतकं ठेंगणं की वाकूनच आत जावं लागतं. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे त्यानं वाटेत बजावलं होतं. मला ते सांगायची गरज नव्हती, आमच्याकडंही उंबऱ्यावर उभं राहू देत नाहीत. मधोमध चूल, आणि छताचं लाकडी चक्र तोलून धरणारे दोन खांब. "यांच्या मधून जाऊ नकोस, हे नवराबायको आहेत," तो म्हणाला. त्याची आई पुढं आली. तिला सगळे एज म्हणायचे, एज म्हणजे आईच. तिनं काही न विचारता माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि आधी एक गाल हुंगला, मग दुसरा. मुका नाही, श्वास आत ओढून हुंगणं. मी जागच्या जागी थिजले. माझी आजी मला कुशीत घेऊन टाळू अशीच हुंगायची.

मंगोल माणसाचं प्रेम वासात असतं. तेराव्या शतकातल्या 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या ग्रंथात चंगीझ खानाच्या आईची, होएलुनची गोष्ट आहे. नवी नवरी होऊन ती मेर्किद टोळीतल्या नवऱ्याबरोबर निघालेली असते, आणि वाटेत येसुगेई, म्हणजे चंगीझचा पुढं होणारा बाप, भावांना घेऊन तिला पळवायला येतो. ती नवऱ्याला म्हणते, तू जीव वाचव, पळ. बायका पुन्हा मिळतील. आणि अंगातला सदरा काढून त्याच्याकडं देते, माझा वास घेत जा म्हणून. ही गोष्ट ऐकली आणि एजनं मला हुंगलं ते केवढं मोठं होतं, ते तेव्हा समजलं.

प्रेमाला त्यांच्याकडं 'खैर' म्हणतात. दया, माया, जीव लावणं, जपणं, सगळं त्या एका शब्दात. 'आता तुझी खैर नाही' म्हणताना आपण जो शब्द वापरतो त्याच्याशी याचं नातं नाही, पण अर्थ किती जवळ येतात! तरुण मुलंमुली 'बी चामद खैरताय' असं सरळ म्हणतात, गाण्यांतून तर सारखं कानावर पडतं. एजच्या वयाच्या माणसांच्या तोंडून मात्र ते वाक्य मी सात वर्षांत एकदाही ऐकलं नाही. कुणी प्रवासाला निघालं की एज दुधाचं भांडं आणि चाचल घेऊन बाहेर येते. चाचल म्हणजे लाकडी पळी, तिच्यावर नऊ छोटे खळगे कोरलेले. जाणाऱ्याच्या मागं ती त्या पळीनं दूध शिंपडते. लेकराला दृष्ट लागू नये म्हणून त्याचं नाव 'नेरगुई' ठेवतात, म्हणजे बिननावाचा, किंवा 'एनेबिश', म्हणजे 'हा नव्हे'. आमच्याकडचे धोंडू, दगडू, केरू आठवा. जिवाला तीच धाकधूक.

मग २००९-१० चा हिवाळा आला. अशा हिवाळ्याला तिकडं जुद म्हणतात, ज 'जाड'मधला. उन्हाळ्यात पाऊस दगा देतो, गवत वाढत नाही, जनावरं हाडकुळीच थंडीत शिरतात. वर बर्फाचा असा थर बसतो की खुरानं उकरूनही खालची काडी मिळत नाही. त्या एका हिवाळ्यात देशभरात ८० लाखांहून जास्त जनावरं मेली. एजच्या सहाशे शेळ्यामेंढ्यांपैकी सत्तरही उरल्या नाहीत. मी दुष्काळी भागातली आहे, चारा छावणीत गाईशेजारी झोपणारी माणसं मी पाहिली आहेत. पण गोठून पडलेल्या मेंढरांमधून एकेकीचं नाक चाचपत फिरणारी एज माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

बँकेचं कर्ज होतं. उरलेली जनावरं थोरल्या मुलाकडं सोडून एज शहरात आमच्याकडं आली. पैसे वाचवायला आम्ही भाड्याचा फ्लॅट सोडला आणि उलानबातरच्या कडेच्या टेकड्यांवर गेर टाकला. माळावरून असेच उठून आलेल्यांची ती वस्ती, शहरातली निम्मी माणसं तिथंच राहतात. २०११ मध्ये तो कामाला दक्षिण कोरियाला गेला. खूप मंगोल जातात. मी आणि एज मागं राहिलो.

ते तीन हिवाळे आम्ही दोघींनी काढले. बाहेर उणे तीस. नळ नाही. पाण्याच्या टपरीवरून कॅन भरून दोनचाकी गाड्यावर ओढत आणायचे, चढावर एज मागून ढकलायची. पहाटे चूल विझली तर बादलीतलं पाणी गोठायचं, म्हणून रात्री कोळसा घालायच्या पाळ्या लावल्या होत्या. माझी पाळी असली तरी बहुतेकदा तीच उठायची आणि मला हाक मारायची नाही. सकाळी मीठ घातलेला दुधाचा चहा उकळताना मी तिला बोलायचे. ती म्हणायची, तुला उद्या मुलांसमोर उभं राहायचंय.

२०१४ च्या जानेवारीत पाच-सहा दिवस ती माझ्याशी धड बोलेना. चागान सार जवळ आला होता. यातला च आपल्या 'चाक'मधला. पांढरा महिना, चांद्र वर्षाची सुरुवात. त्यासाठी घराघरांत शेकडो बूझ करून बाहेरच्या थंडीत गोठवून ठेवतात. बूझ म्हणजे मटणाचं सारण भरून वाफवलेले मोदकच म्हणा, पाकळ्याही तशाच पाडतात. आम्ही दोघी बूझ वळत होतो. एजनं हातातली पारी फळीवर ठेवली.

"त्याला तिकडं बाई आहे," ती म्हणाली. "मुलगाही झालाय. मला आठवड्यापूर्वी कळलं. तिला सांगू नकोस म्हणाला. तो माझ्या पोटचा आहे. पण तू माझ्या चुलीपाशी बसून फोनवर त्याचं खोटं ऐकतेस, ते मला पाहवत नाही."

मग तिनं पारी पुन्हा उचलली. त्या रात्री माझी एकही पाकळी नीट मिटली नाही. मी वळलेला प्रत्येक बूझ ती घ्यायची आणि काही न बोलता पुन्हा चिमटायची. पहाटेपर्यंत आम्ही तेच करत होतो.

आता दुसऱ्या प्रश्नाचं सांगते. नाही, तिकडचे पुरुष 'तसलेच' नसतात. त्याच वस्तीत पाच-पाच वर्षं बायकोच्या वाटेकडं डोळे लावून बसलेले नवरेही मी पाहिले. जनावरं गेली, माणसं खाणीवर गेली, परदेशात गेली, घरं दोन देशांत वाटली गेली. आमच्या भागातली किती माणसं सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली, मुंबईला गिरणीत गेलेल्यांच्या बायकांनी जात्यावर काय काय गायलं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्यानं केलं ती फसवणूकच. एकटेपणा मलाही होता. त्याच्या वागण्याला मी 'परिस्थिती' म्हणणार नाही.

त्या दिवसांत माझ्या मनात सारखी बोर्ते यायची. बोर्ते ही होएलुनची सून, तेमुजिनची, म्हणजे पुढच्या चंगीझ खानाची बायको. होएलुनला पळवल्याचा सूड घ्यायला वर्षांनंतर मेर्किद चालून येतात. घरातले बहुतेक घोड्यांवर बसून डोंगराकडं सुटतात. तेमुजिन एक जादा घोडा सोबत घेतो, आणि बोर्तेसाठी घोडा उरत नाही. म्हातारी दासी तिला बैलगाडीत लपवून नेते, वाटेत गाडीचा आस मोडतो आणि ती पकडली जाते. ही गोष्ट सगळे तिच्या सुटकेसाठी सांगतात. तेमुजिन फौजा जमवून येतो, रात्रीच्या गोंधळात तिच्या नावानं हाका मारत फिरतो, आणि चांदण्यात ती त्याच्या घोड्याचा लगाम ओळखून धरते. पुढं लवकरच जन्मलेल्या जोचीला तो आपला थोरला मुलगा म्हणून वाढवतो. फार सुंदर आहे ते सगळं. माझं मन मात्र त्या जादा घोड्यापाशी अडकायचं. जादा घोडाही निघाला, तिच्यासाठी मात्र नाही. तेमुजिन परत आला म्हणून ती प्रेमकथा झाली. माझा परत आला तो सणापुरता.

चागान सारला घराच्या मानाच्या जागी मोठ्या लांबट बिस्किटांचा मनोरा रचतात. त्याचे थर कायम विषम, तीन, पाच नाहीतर सात. पहिला थर सुखाचा, दुसरा दुःखाचा, पुन्हा सुखाचा. म्हणजे शेवट सुखावर होतो. त्या वर्षी एजनं पाच थर लावले. सकाळी सगळे नव्या देलमध्ये, म्हणजे लांब अंगरख्यात, हातांवर निळा खदग, म्हणजे मानाचा रेशमी पट्टा घेऊन गोळा झाले. मग जोल्गोख सुरू झाला. धाकट्यानं तळवे वर करून थोरल्याच्या कोपरांखाली हात द्यायचे, त्याला आधार द्यायचा आणि "आमर बायना ऊ" म्हणत खुशाली विचारायची. घरातला प्रत्येकजण प्रत्येकाशी हे करतो. फक्त नवराबायको एकमेकांशी करत नाहीत. ते एकच मानलेले.

तो एकेकाला भेटत आला. थोरली जाऊ झाली, पुढं मी होते. क्षणभर थांबला. आणि त्यानं माझ्यापुढं हात केले.

तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी माझे हात त्याच्या कोपरांखाली दिले. "आमर बायना ऊ," म्हणाले. तंबूत कुणी हललंसुद्धा नाही. कागदपत्रं नंतर झाली, पण आमचं लग्न त्या क्षणी मोडलं, सगळ्या घरासमोर, आवाज न होता.

जूनमध्ये मी साताऱ्याला परत आले. निघताना एजनं गाडीमागं दूध शिंपडलं. जानेवारीत तिचा फोन आला, "बूझ कोण वळणार?" मी तिकीट काढलं. करोनाची वर्षं सोडली तर तेव्हापासून दरवर्षी जाते. संक्रांत झालेली असते, म्हणून तिळाच्या वड्या नेते. ती मला रिकाम्या हातानं पाठवत नाही, काही ना काही हातात ठेवतेच, आपण ओटी भरतो तसं.

त्याच्या मुलाला मी पहिल्यांदा पाहिलं ते २०१८ मध्ये, त्याच्या जावळाच्या दिवशी. तिकडं मुलग्यांचं जावळ तिसऱ्या किंवा पाचव्या वर्षी काढतात. एजनं मला आधी विचारलं होतं, तुला जड जाणार असेल तर थांबू नकोस. मी थांबले. गोबीत, थोरल्या दिराच्या गेरमध्ये. मुलगा एकेका पाहुण्यापुढं जात होता, प्रत्येकजण त्याची एक बट कापून खदगात ठेवत होता आणि त्याला काहीतरी देत होता. माझ्यापुढं आला तेव्हा त्याच्या आईनं नजर खाली वळवली. निळा खदग बांधलेली कात्री एजनं माझ्या हातात दिली. मी कानामागची बट कापली, वड्यांचा पुडा दिला, आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून हुंगलं. गोवऱ्यांच्या धुराचा आणि दुधाचा वास होता. त्यानं तिथंच पुडा फोडला, एक वडी स्वतःच्या तोंडात टाकली आणि एक माझ्या हातावर ठेवली.

त्याच्या बापाला मी माफ केलं का, हेही विचारतात. नाही केलं. भेटलो की कोपरांखाली हात देते, खुशाली विचारते, तेवढंच. एजनंही मला कधी माफ कर म्हटलं नाही.

यंदाचं तिकीट काढून झालंय. एजचे हात आता थरथरतात, पारी पातळ लाटता येत नाही तिला. या वेळी आठ दिवस आधी जाणार आहे.